राणीचें चित्र

जॉर्ज फार्करचें 'रिक्रूटिंग ऑफिसर' हें विनोदी नाटक १७०६ सालीं लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहांत प्रथम झालें. फार्कर स्वतः सैन्यांत लेफ्टनंट होता व शिपाई मिळविण्यासाठीं श्रूसबरीस जाऊन आलेला होता. तेव्हां नाटकांतील युक्त्या त्यानें पाहिलेल्या, कदाचित् योजिलेल्याहि असाव्यात. नाटकाची प्रसन्नता सर्वमान्य आहे व ती खरीहि आहे. पण आपण हंसतों तें कोणास, हा प्रश्न वाचतांना माझ्या मनांतून जाईना.

सार्जंट काइट दोघां खेडुतांस दारू पाजून राणीचें म्हणून एकेक चित्र त्यांच्या हातीं देतो. तीं चित्रें म्हणजे सोन्याचीं नाणीं. आणि भरतीचें नाणें घेतलें कीं मनुष्य शिपाई झाला, अशी रूढि! तेवढ्यांत कॅप्टन प्लूम येतो, ही लबाडी पाहून संतापल्याचें सोंग करितो, काइटला मारून घालवितो आणि दोघांस मोकळें करितो. त्याच्या या सौजन्यानें भारावून ते थोड्याच वेळांत आपण होऊन नांव नोंदवितात. फसवणुकीनें हातचे गेले असते ते फसवणुकीच्या निषेधानें मिळाले. 'स्वखुषी' या शब्दाची याहून निर्दय चिकित्सा मीं रंगभूमीवर पाहिलेली नाहीं.

पुढें काइट ज्योतिषी बनतो. लोहाराला तोफखान्यांतील मोठा हुद्दा, खाटकाला सैन्याच्या मुख्य शस्त्रवैद्याची जागा, अशीं भविष्यें तो वांटीत सुटतो. हें सारें तोंडी, हें लक्षांत ठेवावें. अमेरिकेच्या सैन्यभरतीच्या आजच्या करारपत्रांत, लेखांत न आलेलें कोणतेंहि वचन पाळलें जाणार नाहीं, आणि नियम पूर्वसूचनेशिवाय बदलूं शकतील, असें स्पष्ट छापलेलें असतें. म्हणजे काइटच्या भविष्यांचें मोल आतां कागदावरच सांगितलेलें आहे. मात्र तो कागद वाचतां यावयास हवा. प्लूमला हें पुरतें ठाऊक आहे. काइटनें एक वकील भरती केल्याचें कळतांच तो त्यास तत्काळ सोडावयास सांगतो, कारण ज्याला लिहितां येतें तो तक्रारअर्जहि लिहील.

जे अशानेंहि सांपडत नाहींत त्यांच्यासाठीं कायदा आहेच. उपजीविकेचें दृश्य साधन नसलेल्या मनुष्यास सक्तीनें धरतां येई. खाणींतला कोळसेवाला जमिनीखालीं काम करितो, अर्थात् त्याचें साधन दिसत नाहीं, असा युक्तिवाद न्यायाधीशांपुढें होतो व प्रेक्षक पोट धरून हंसतात.

येथें मला देवलांच्या 'शारदे'ची (१८९९) आठवण होते. तेथील भद्रेश्वर दीक्षितहि दुसऱ्याच्या आयुष्याचा सौदा जुळविणारा दलाल, आणि त्याच्याहि चातुर्याची आपणांस गंमत वाटते. परंतु ज्या मुलीचा सौदा व्हावयाचा ती आपल्या डोळ्यांसमोर असते; म्हणून तें हंसूं फार वेळ टिकत नाहीं. फार्कर आपल्या खेडुतांस असें समोर राहूं देत नाहीं. रणांगण नाटकांत नाहींच. मी हा दोष मानतों, जरी शेवट वाचतांना तो दोष कीं हेतु याविषयीं मन डळमळतें.

तो शेवट असा: प्लूमला श्रीमंत वधू मिळते आणि भरतीच्या धंद्यास तो रामराम ठोकतो. कॅप्टन ब्रेझनच्या हातची वधू व तिचे वीस हजार पौंड गेलेले असतात. त्याचें सांत्वन म्हणून प्लूम आपले वीस शिपाई त्यास देऊन टाकतो. शिपायांस कोणी विचारीत नाहीं.