पदव्युत्तर आरोग्यशिक्षण आणि राजूरची धूळ

आरोग्यशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे मोल कशावर ठरवायचे? १९९४ साली स्थापन झालेली नॅक सात निकष लावीत आली. ग्रंथालय, संशोधन, निकाल, सारे त्यात बसते. माझ्या राजूरचा माणूस बसत नाही. वणी तालुक्यातले हे गाव कोळशाच्या खाणीचे नि चुनाभट्ट्यांचे. धूळ कोणत्या जातींच्या छातीत जाते, असे विचारले की प्राध्यापक मंडळी खोकतात. (तो खोकला धुळीचा नव्हे.)

सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ साली उभे केले. तेथे विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते. पदव्युत्तर प्रवेशाआधी दोन वर्षे ग्रामीण सेवेची अटही पुष्कळ काळ होती. ती अट मी मोलाची मानतो. पण 'दत्तक' हा शब्द मला खुपतो. घेणारा बाप ठरतो, गाव मूल. आणि मुलाने बापाला जाब विचारायचा नसतो.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४४ साली कोळशावर उपकर बसवून खाणकामगारांचा कल्याण निधी उभा राहिला. तो हक्क होता, सेवा नव्हे. १९५२ च्या खाण कायद्याने तर अधिसूचित रोग आढळल्यास कळवणे डॉक्टरवर बंधनकारक केले. परंतु धुळीचा रोग क्षयासारखा दिसतो. 'काम काय करतोस, किती वर्षे?' हे विचारलेच नाही, तर क्षयाच्या गोळ्या मिळतात आणि मजूर पुन्हा त्याच धुळीत.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला परीक्षकांशेजारी एक खाणमजूर बसवा. त्याने विचारावे, माझ्या छातीत काय आहे? उत्तर त्याला कळेल अशा मराठीत हवे.