झोपाळ्यापुढचे अनुस्पंदन

कक्षीय अनुस्पंदनाचे स्पष्टीकरण आपल्या बहुतेक लोकप्रिय पुस्तकांत झोपाळ्याने सुरू होते आणि झोपाळ्यापाशीच थांबते. योग्य वेळी दिलेले छोटे धक्के साठत जातात, झोका उंच जातो; तसाच गुरू लघुग्रहांना पुन:पुन्हा ओढतो व ती जागा रिकामी होते. सूर्यापासून सुमारे २.५ खगोलीय एककांवर, जिथे गुरूच्या एका फेरीत लघुग्रहाच्या तीन होतात, तिथे कर्कवुडची फट आहे हे खरेच. (तिथेही धक्के असे शिस्तीत साठत नाहीत. कक्षा अनियमितपणे लांबट होऊन मंगळाच्या कक्षेला छेदू शकते, हे विस्डम यांनी १९८०च्या दशकात दाखवले.)

पण ३:२ या गुणोत्तरावर हिल्डा गटाच्या लघुग्रहांची गर्दी का, असे एखाद्या मुलीने विचारले तर? प्लूटो तर १९७९ ते १९९९ या काळात चक्क नेपच्यूनच्या कक्षेच्या आत होता. नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत त्याच्या दोन होतात, आणि त्यामुळेच तो सुरक्षित आहे. दोघांची युती प्लूटो सूर्यापासून दूर असतानाच होते. त्यांच्यातील अंतर सुमारे १७ खगोलीय एककांखाली जात नाही. युती कक्षेच्या कोणत्या भागात होते याला महत्त्व आहे. झोपाळ्यात नेमके हेच हरवते.

दुसरी तक्रार तक्त्यांबद्दल. आयो, युरोपा, गॅनिमिड यांचे आवर्तनकाल ‘बरोबर १:२:४’ असे छापतात. प्रत्यक्षात ते १.७६९, ३.५५१ व ७.१५५ दिवस आहेत, भागाकार २.००७ आणि २.०१५ येतो. मुलांना वाटते, मोजमाप चुकले. अशा वेळी फळ्यावर त्यांच्या रोजच्या गती लिहाव्यात: २०३.४८९, १०१.३७५, ५०.३१८ अंश. पहिलीतून दुसरीची दुप्पट वजा करा: ०.७३९. दुसरीतून तिसरीची दुप्पट वजा करा: पुन्हा ०.७३९! लाप्लासचा संबंध तो हाच. त्यामुळे हे तिघे गुरूच्या एकाच बाजूला एका रेषेत कधीच येत नाहीत. चित्रकार मात्र त्यांना हटकून तसेच उभे करतात.

आयो-युरोपाच्या युतीची जागा रोज ०.७३९ अंश मागे सरकते, आणि आयोची लंबवर्तुळाकार कक्षाही तेवढीच मागे फिरते. म्हणून युती नेहमी आयो गुरूच्या सर्वांत जवळ असतानाच होते, कक्षा वर्तुळाकार होऊ शकत नाही, आणि भरती-ओहोटीच्या ताणाने आयो आतून तापत राहतो. पील, कॅसन व रेनल्ड्स यांचा हा निष्कर्ष मार्च १९७९ मध्ये छापून आला. त्याच महिन्यात व्हॉयेजर-१ च्या छायाचित्रांत आयोवरचे ज्वालामुखी दिसले.