‘योगसंग्राम’ : साक्षीदाराच्या पिंजऱ्यातला ग्रंथ

मराठी मुस्लिम साहित्याचा इतिहास सांगायला कोणी उभा राहिला की शेख महंमद श्रीगोंदेकरांचे नाव पहिल्या पाच मिनिटांत येते. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून तर ही प्रथाच पडली आहे. मुसलमानांनी मराठीत काय लिहिले, असे कोणी विचारले की आपण हे नाव पुढे करतो. शहा मुंतोजी, शहामुनी हीही नावे घेतो. नावे घेतली की पुरावा सादर झाला असे समजून खाली बसतो. ग्रंथ उघडण्याची वेळ येत नाही. शेख महंमदांना आपण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले आहे, आणि साक्षीदाराला तेवढेच विचारले जाते जेवढे वकिलाला हवे असते. ‘हिंदू-मुस्लिम ऐक्य होते ना?’ ‘होते.’ ‘जा.’

डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ लिहिले, वा. सी. बेंद्रे यांनी शेख महंमदांचे वाङ्मय छापून हाती दिले, डॉ. यू. म. पठाणांनी या परंपरेवर आयुष्यभर लिहिले. म्हणजे साधने नाहीत अशी सबब सांगता येणार नाही. तरीही सतराव्या शतकात अविंध घरात जन्मलेल्या माणसाने आपल्या सर्वांत मोठ्या ग्रंथाच्या नावात ‘योग’ हा शब्द का घातला आणि त्याला ‘संग्राम’ का जोडला, हा साधा प्रश्न आपल्या वर्तुळात फारसा चर्चिला जात नाही. आज तो विचारण्याला कारण आहे.

कारण असे की योग या शब्दाभोवती सध्या दोन बाजूंनी फार गलबला आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०१४ मध्ये ठराव केला आणि २०१५ पासून २१ जून हा दिवस जगभर पाळला जाऊ लागला. त्या पहिल्याच वर्षी सूर्यनमस्कारावरून वाद झाला आणि सरकारी कार्यक्रमातून सूर्यनमस्कार वगळले गेले. त्याआधी २००८ मध्ये मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा परिषदेने मुसलमानांनी योग करू नये, असे जाहीर केले होते. दर जूनमध्ये आमच्यासारख्या उर्दू माध्यमाच्या शिक्षकांना हा प्रश्न दोन्हीकडून येतो. पालक विचारतात, ‘मास्तर, मुलांना यात बसवायचे का?’ आणि बाहेरचे विचारतात, ‘तुमच्याकडे चालते का हो हे?’ या दोन्ही प्रश्नांत एक गोष्ट गृहीत असते. योग ही मुसलमानांच्या अंगणाबाहेरची वस्तू, आता ती आत घ्यायची की नाही एवढेच ठरवायचे.

या गृहीताला उत्तर म्हणून आपल्याकडे एक वाङ्मयप्रकारच निर्माण झाला आहे. ‘नमाज आणि योग’ या विषयावरच्या पुस्तिका उर्दूत मिळतात, हिंदीत मिळतात, मराठीतही मिळतात. त्यांची रचना ठरलेली असते. कायदा म्हणजे वज्रासन, रुकू म्हणजे अमुक आसन, सजदा म्हणजे तमुक आसन, मग गुडघ्याला फायदा, पचनाला फायदा, मेंदूला रक्तपुरवठा. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, शेजाऱ्याला सांगायचे असते की आपण फार लांबचे नाही. पण लेखन म्हणून आणि विचार म्हणून हा प्रकार आम्हांला अगदी कच्चा वाटतो. नमाजचे कारण पचन असेल तर ज्याचे पचन उत्तम आहे त्याने काय करावे? नियत हा नमाजचा पहिला भाग, आणि नेमका तोच या तक्त्यात कोठे बसत नाही. सजद्यात माणूस कपाळ जमिनीला लावतो ते कोणापुढे लावतो, हे काढून घेतले तर मागे उरते ती कवायत. आणि गंमत अशी की ही पुस्तिका नमाजवर जो अन्याय करते तोच योगावरही करते. पतंजलीच्या दोनशेच्या आतबाहेरच्या सूत्रांपैकी आसनावर थेट बोलणारी सूत्रे तीन आहेत. म्हणजे तक्त्याच्या डाव्या रकान्यात नमाज नाही आणि उजव्या रकान्यात योगही नाही.

जुन्या लोकांनी हे काम असे केले नव्हते. अल्बेरुनीने अकराव्या शतकात पतंजलीचा अरबी अनुवाद केला. ‘किताबुल हिंद’मध्ये तो स्वतः त्याचा उल्लेख करतो. या अनुवादाची प्रत लुई मासिन्यों या फ्रेंच विद्वानाला १९२२ मध्ये इस्तंबूलला मिळाली आणि हेल्मुट रिटर यांनी ती १९५६ मध्ये छापली. अल्बेरुनीने सूत्रे आणि भाष्य यांची मोडणी प्रश्नोत्तरांत केली. त्याला कुतूहल होते ते आत्मा बंधनातून सुटतो कसा याचे. शरीर कसे वाकवावे याची त्याला फारशी फिकीर नव्हती. परक्याचा ग्रंथ त्याने परक्याच्याच प्रश्नासाठी वाचला, ही आमच्या मते फार मोठी सभ्यता आहे.

त्यानंतर पाचशे वर्षांनी शत्तारी सिलसिल्याचे शेख मुहम्मद गौस ग्वालियरी यांनी वेगळी वाट धरली. हठयोगावरचा ‘अमृतकुंड’ नावाचा ग्रंथ अरबीत ‘हौजुल हयात’ म्हणून फिरत होता. गौससाहेबांनी त्याचे फारसीत ‘बहरुल हयात’ केले. हौदाचा समुद्र केला म्हणा ना! अरबीत आसने पाच होती, त्यांनी ती वीसच्या वर नेली, कारण त्यांना ग्रंथाबाहेरचे, जोग्यांच्या तोंडचे ज्ञान होते. या ग्रंथाची एक सचित्र प्रत सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी शाहजादा सलीम याच्यासाठी अलाहाबादेत तयार झाली. ती आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे आणि आसनांच्या इतक्या पद्धतशीर जुन्या चित्रमालिका फार थोड्या आहेत.

पण आमचे लक्ष चित्रांपेक्षा अनुवादाच्या युक्तीकडे जाते. गौससाहेब सांगतात, गोरख म्हणजे खिज्र, मच्छिंद्र म्हणजे युनूस, चौरंगी म्हणजे इलियास. मच्छिंद्र माशाच्या पोटात आणि हजरत युनूसही माशाच्या पोटात, हे आपल्याकडच्या कोणाही म्हातारीला एका दमात पटेल. चक्रांचे बीजमंत्रही त्यांनी अल्लाहच्या नावांशी जोडून दिले. याला घरात घेणे म्हणावे की हिसकावून घेणे? आधुनिक वाचकाला दुसरे म्हणण्याचा मोह होतो. आम्हांला तसे वाटत नाही, कारण जोग्याकडून आपण शिकलो हे त्यांनी लपवलेले नाही. पुस्तिकावाल्यांची जोडणी आणि गौससाहेबांची जोडणी यांत फरक हा की गौससाहेब आधी शिकले, स्वतः साधना केली, मग जोडले. आणि एक लक्षात ठेवण्यासारखे : गुजरातेत काही उलेमा त्यांच्यावर उलटले, फतव्यापर्यंत गोष्ट गेली. पण ती त्यांच्या मेराजच्या दाव्यावरून. जोग्यांच्या आसनांवरून नव्हे.

आता शेख महंमद. हे फारसीत लिहीत नाहीत, दरबारासाठी लिहीत नाहीत. श्रीगोंद्यात बसून ओवीत लिहितात. गुरू चांद बोधले, कादरी परंपरेतले. मालोजी राजांनी त्यांना श्रीगोंद्यास आणून मठ बांधून दिला असे परंपरा सांगते. अल्बेरुनीला योग परका होता, गौससाहेबांना तो शिकून आणायचा होता. शेख महंमदांना तो भाषेबरोबरच मिळाला आहे. ‘ज्ञानेश्वरी’च्या सहाव्या अध्यायाने कुंडलिनी मराठीत तीनशे वर्षांहून अधिक काळ आधीच आणून ठेवली होती, एकनाथांनी ओवी घासूनपुसून ठेवली होती. त्यामुळे पिंड-ब्रह्मांड, पवन, षड्रिपू हे शब्द त्यांच्या लेखणीतून उतरतात तेव्हा अनुवादाचा वास येत नाही. त्यांच्या नावावर ‘पवनविजय’ नावाची एक स्वतंत्र रचनाही आहे, म्हणजे श्वास हा विषय त्यांनी ओझरता हाताळलेला नाही.

मग संग्राम कशाला? येथेच ग्रंथाची किल्ली आहे असे आम्हांला वाटते. हा ग्रंथ शांती देऊ करत नाही, तो युद्ध लावून देतो. रणांगण आत आहे, शत्रू अहंकार आहे आणि त्याचे कामक्रोधादी सरदार आहेत. मराठी वाचकाला येथे गीता आठवेल आणि ते बरोबरच आहे. गीतेत योग रणांगणावरच सांगितला गेला. पण कादरी गुरूच्या शिष्याला याच ठिकाणी दुसरा शब्द आठवत असणार, मुजाहदा. नफ्सशी झुंज. सूफींच्या घरात हा रोजचा शब्द. शेख महंमदांचे मोठेपण आम्हांला असे दिसते की त्यांनी गौससाहेबांसारखा तक्ता मांडला नाही, नफ्स म्हणजे अमुक असे सांगत बसले नाहीत. त्यांनी असे एक रूपक निवडले की ज्याच्या एका दारातून भागवत आत यावा, दुसऱ्यातून फकीर, आणि आत दोघांनाही एकाच शत्रूशी गाठ पडावी. ऐक्याचे भाषण करणाऱ्यांना हे दाराचे रूपक आवडेल. आतल्या मारामारीचे मात्र ते बोलत नाहीत.

आणि ग्रंथात मारामारी भरपूर आहे. ढोंगी गुरूंवर शेख महंमद तुटून पडतात. देवापुढे बकरी-कोंबडी कापणाऱ्यांवर तुटून पडतात. येथे आमचे त्यांच्याशी पूर्ण जमत नाही. ज्यांच्यापर्यंत पोथी कधी पोहोचली नाही त्यांच्या देवांची टर उडवणे सोपे असते, आणि शेख महंमद ती पुन्हा पुन्हा उडवतात. ग्रंथ पसरट आहे, एकच मुद्दा तीन ठिकाणी येतो, रूपक मध्येच सुटते आणि उपदेश सुरू होतो. ज्ञानेश्वरांची नजाकत शोधाल तर निराशा होईल. परंतु त्या खडबडीत ओवीत एक ताण आहे, तो गुळगुळीत संतकवींत मिळत नाही. स्वतःला अविंध म्हणवून घेणारा माणूस ज्या श्रोत्यांपुढे बोलतो आहे त्यांतले अर्धे त्याला हात लावताना कचरणारे आणि उरलेले त्याला बिघडलेला समजणारे. अशा ठिकाणी अहंकाराशी युद्ध हा काही वेदान्तातला धडा राहत नाही. अपमान गिळायचा की परतवायचा, हा रोज सकाळी उठून सोडवायचा प्रश्न होतो.

याच ठिकाणी आजच्या स्वास्थ्यवाङ्मयाशी त्यांचा खटका उडतो. १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबात-झिन यांनी ताण कमी करण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. बौद्ध ध्यानातले धर्माचे शब्द काढून श्वास आणि लक्ष तेवढे ठेवले. ज्यांचे दुखणे औषधाने हटत नव्हते अशा रुग्णांसाठी ते होते आणि त्यात वावगे काही नाही. पुढे त्याचा बाजार झाला. ‘माइंडफुलनेस’ हा शब्द आता मराठी पुरवण्यांतही रुळला आहे. या पुरवण्यांतला सल्ला थोडक्यात असा की जग आहे तसे राहू द्या, तुम्ही दीर्घ श्वास घ्या. नक्शबंदी सूफींनीही श्वासावर पहारा ठेवायला सांगितले, त्याला ते ‘होश दर दम’ म्हणतात. एकही दम गाफील जाऊ नये. शब्द जवळजवळ तेच, पण गाफील कोणापासून, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी बुजुर्गांची पाणचक्की आहे. हर्सूलकडून जमिनीखालच्या नळांनी पाणी आणून ती फिरवली जाई आणि तकियातल्या फकिरांसाठी, येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी पीठ दळले जाई. सहलीला आलेली मुले तेथे पाणी पाहतात, मासे पाहतात. आम्ही त्यांना पीठही दाखवतो, म्हणजे सांगून दाखवतो. श्वास मोजणारे लोक दुसऱ्याच्या पिठाचीही व्यवस्था पाहत होते.

सूर्यनमस्काराचेही एक वाक्यात सांगून टाकू. आज त्याचा जो सार्वत्रिक प्रसार दिसतो त्यात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा विसाव्या शतकातला वाटा फार मोठा आहे. सूर्यापुढे झुकणे ज्याच्या तौहीदला रुचत नाही त्याने ते करू नये, आणि त्यासाठी कोणाची परवानगी मागू नये. पण त्या एका आक्षेपासाठी अल्बेरुनीपासून श्रीगोंद्यापर्यंतचा सगळा वारसा आपण होऊन दुसऱ्याच्या नावावर करून देणे, हा कोणता शहाणपणा? श्रीगोंद्यातल्या त्या स्थळाला दर्गा म्हणायचे की मंदिर, यावरून माणसे भांडतात. ग्रंथावर हक्क सांगायला मात्र दोन्हींकडून कोणी येत नाही.

आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी हा विषय असतो. त्यांना ‘नफ्स’ कळतो, ‘अहंकार’ शिकवावा लागतो. ‘दम’ कळतो, ‘प्राण’ समजावून सांगावा लागतो. त्यांच्या शेजारच्या शाळेतल्या मुलांचे नेमके उलटे. या दोघांसाठी ‘योगसंग्राम’ची एक निवडक आवृत्ती निघावी, पानाच्या तळाशी दोन्ही बाजूंचे शब्दार्थ असावेत आणि प्रस्तावनेत ऐक्य हा शब्द शक्यतो येऊ नये, असे आमचे म्हणणे आहे. निवडक ओव्यांचा उर्दू तर्जुमाही व्हायला हवा. आमच्या मित्रमंडळींत त्याच्या नावावरूनच अजून मतभेद आहेत. एकजण म्हणतो ‘जंगे-नफ्स’ ठेवा, वाचक लगेच उचलतील. आम्हांला ते पटत नाही, त्यात योग गळतो. दुसरा म्हणतो, ‘मुजाहदा’ एवढेच पुरे. त्यातही योग गळतोच. ‘योग’ हा शब्द उर्दू लिपीत आहे तसाच लिहावा आणि त्याच्या शेजारी ‘मुजाहदा’ ठेवावा, असे आमचे मत. शेख महंमदांनी मराठीत जे दोन शब्द शेजारी बसवले त्यांतला एकही उठवण्याचा अधिकार तर्जुमा करणाऱ्याला नाही.