सुई टोचणारा हात आणि त्याचे वर्णन

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना सुई टोचण्याचे शिक्षण देताना कॅमेऱ्याने हाताच्या हालचाली टिपाव्यात व त्यावरून त्यांचे कौशल्य पारखावे, ही कल्पना आता चांगलीच मूळ धरू लागली आहे. विषय वैद्यकाचा असला, तरी हालचालीचे वर्णन कोणत्या घटकांनी करावयाचे हा प्रश्न भाषाशास्त्राला परका नाही.

गूगलने २०१९ साली प्रसिद्ध केलेली ‘मीडियापाइप’ची हस्तप्रणाली साध्या कॅमेऱ्याच्या आधारे प्रत्येक हातावर २१ बिंदू निश्चित करते: मनगटाचा एक व प्रत्येक बोटाचे चार. त्यांवरून बोटांची ठेवण, गती व कंप मोजता येतात. परंतु मोजता येणारा प्रत्येक भेद सार्थ असतोच असे नाही. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतील ज-काराचा भेद लेखनात दिसत नाही, तरी अर्थ पालटतो. उलट दोन वक्त्यांच्या आवाजातील मोठे अंतर अर्थाला स्पर्शही करीत नाही. १९६० साली विल्यम स्टोकी यांनी अमेरिकी खुणांच्या भाषेचे विश्लेषण केले, ते हाताचा आकार, स्थान व हालचाल यांतील अर्थभेदक घटक वेगळे काढूनच.

सुईच्या बाबतीतही हेच आहे. स्नायूत टोचावयाचे तर सुमारे ९० अंश, त्वचेच्या थरात १० ते १५ अंश. हा भेद निर्णायक. ८५ आणि ९० यांतील भेद बहुधा निरर्थक. विद्यार्थ्याचा हात गुरूच्या हाताशी बिंदुशः ताडून गुण देणारी पद्धत मात्र दोहोंना एकाच तराजूत घालते. डावखुऱ्या किंवा लहान हाताच्या विद्यार्थिनीवर तिने अन्याय केला तर नवल नाही.

याहून गंभीर गोष्ट अशी की, पिचकारीमागे बोटे झाकली जातात, सुईचे टोक बिंदूंत नाही, आणि कातडीचा प्रतिकार कॅमेऱ्याला कळत नाही. हात निर्दोष चालला, पण नितंबावरील जागा चुकली, तर मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या नसेला इजा होऊन पाय लुळा पडू शकतो. रबरी गादीवर ही चूक चूकच ठरत नाही.

पारनेर तालुक्यातील सुप्याचा विचार करावा. नगर-पुणे रस्त्यावरील या गावी शेतकरी आहेत, तसे औद्योगिक वसाहतीतील कामगारही. अशा गावी कृश म्हाताऱ्याच्या दंडाचा स्नायू पकडून टोचावे लागते आणि त्याआधी “बाबा, हात ढिला सोडा” असे त्याला पटेल अशा स्वरात म्हणावे लागते. आखडलेल्या स्नायूत सुई अधिक दुखते. म्हणजे हे वाक्य शिष्टाचार नव्हे, क्रियेचाच भाग आहे. ते २१ बिंदूंत कोठे बसते?

या साधनाचा उपयोग नाही असे मुळीच नाही. शिक्षक थोडे व विद्यार्थी फार, अशा स्थितीत बुजऱ्या विद्यार्थ्याला एकांतात शंभरदा सराव करता येणे ही लहान सोय नव्हे. २०१९ पासूनच्या कौशल्याधिष्ठित अभ्यासक्रमात तर तिची गरज अधिकच आहे. मात्र यंत्राला गुण देण्याचा अधिकार देण्यापूर्वी अनुभवी परिचारिका व डॉक्टर यांच्यासमवेत बसून भेदक घटकांची यादी करावी, आणि जे तिच्यात आहे पण कॅमेऱ्याला दिसत नाही, त्याचे गुण परीक्षकाकडेच ठेवावेत.