पदनामे आणि सत्ता : टॅसिटसच्या ‘अ‍ॅनल्स’मधील एक सूत्र

टॅसिटसच्या ‘अ‍ॅनल्स’च्या संदर्भात त्याच्या शैलीतील संक्षेपाची आणि उपरोधाची चर्चा पुष्कळ होते. तथापि हा उपरोध केवळ वाक्यरचनेत नाही. ग्रंथाच्या बांधणीतच तो मुरलेला आहे. रोमन परंपरेत वर्ष ओळखले जाई ते त्या वर्षीच्या दोन कॉन्सलांच्या नावांनी. टॅसिटसही बहुधा या नावांनीच वर्षाचा आरंभ करतो आणि मग वाचकाला तिबेरियसच्या निकट, जेथे खरे निर्णय होतात तेथे, नेतो. वर्ष एकाच्या नावाचे, सत्ता दुसऱ्याची, ही विसंगती त्याला वेगळी सांगावी लागत नाही.

तिचे मर्म जाणण्यासाठी प्रजासत्ताकातील पदांचे स्वरूप ध्यानात घ्यावे लागते. कॉन्सल दोन, मुदत एक वर्षाची, आणि एकाला दुसऱ्याचा निर्णय अडविण्याचा अधिकार. युद्धात सेनेचे आधिपत्यही त्यांच्याकडे असे. संकटकाळी नेमल्या जाणाऱ्या डिक्टेटरला सहा महिन्यांची मर्यादा होती. मराठीत ‘हुकूमशहा’ हा प्रतिशब्द योजताच ती मर्यादा नाहीशी होते आणि इ.स.पू. ४४ मध्ये सीझरने हे पद तहहयात स्वीकारले, यातील आघात वाचकाला जाणवत नाही.

ऑगस्टसने ते पद टाळले. इ.स.पू. २३ मध्ये त्याने कॉन्सलपदही सोडले. मात्र ट्रिब्यून न होता ट्रिब्यूनचे अधिकार तेवढे घेतले. सामान्य जनांच्या रक्षणासाठी निर्माण झालेला अधिकार अशा रीतीने एका व्यक्तीच्या श्रेष्ठत्वाचा आधार झाला. विजयी सेनानीला सैनिकांनी जयघोषात बहाल करावयाची ‘इम्परेटर’ ही उपाधी तर त्याच्या नावाचाच भाग बनली होती. शब्द तेच राहिले, अर्थ मात्र पालटले.

सेजानसच्या चित्रणात या सूत्राची दुसरी बाजू दिसते. प्रिटोरियन रक्षकदलाचा हा प्रमुख सिनेटच्या परंपरागत पदक्रमाबाहेरचा होता. विखुरलेल्या तुकड्या एका छावणीत आणून त्याने आपले सामर्थ्य वाढविले. इ.स. ३१ मध्ये तो कॉन्सल झाला आणि त्याच वर्षी त्याला देहदंड झाला. जुन्या पदाची प्रतिष्ठा त्याला वाचवू शकली नाही.

टॅसिटसची दृष्टी सिनेटच्या वर्तुळातील आहे, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु प्रांतांना नवी राजवट नकोशी नव्हती, हेही तोच नोंदवितो. शिवाय तो स्वतः डोमिशनच्या अमदानीत, इ.स. ८८ मध्ये, प्रीटर होता आणि ९७ मध्ये कॉन्सल झाला. जुलमाच्या काळात सिनेटने पत्करलेल्या मौनातून ‘अ‍ॅग्रिकोला’मध्ये तो स्वतःला वगळत नाही. पोकळ झालेली पदे भूषविलेल्या माणसाने त्या पोकळपणाची दिलेली ही साक्ष आहे. ‘अ‍ॅनल्स’चे नैतिक बळ या साक्षीत आहे.