नकाशा कुणासाठी?

आता शहरांच्या नकाशांचं बघू. सर्व्हे ऑफ इंडिया १७६७ सालची. म्हणजे देश मोजायला लागून अडीचशे वर्षं होऊन गेली. तरी सदाशिव पेठेतलं घर सांगताना आपण म्हणतो, ‘देवळापाशी या आणि फोन करा.’ असं का? कारण ही मोजणी सुरू झाली ती लष्करासाठी आणि महसुलासाठी. पत्ता शोधणाऱ्यासाठी नव्हे. एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशात एक किलोमीटर दोन सेंटिमीटरमध्ये बसतो. डोंगर, नदी दिसते. बोळ कसा दिसणार?

बरं, मोठ्या प्रमाणाचे नकाशे बरीच वर्षं सुरक्षेच्या नावाखाली कुलपात होते. २००५च्या धोरणाने दोन मालिका केल्या, एक संरक्षणासाठी, एक लोकांसाठी. फेब्रुवारी २०२१मध्ये भारतीय कंपन्यांवरची पूर्वपरवानगीची अटही गेली. कुलूप निघालं. पण धारावी मोबाइलवर उघडून बघा. नव्वद फुटी रस्ता आहे, साठ फुटी रस्ता आहे, दुकानंही आहेत. आतल्या बोळांची नावं मात्र शोधावी लागतात. रात्री रुग्णवाहिका बोलावणाऱ्याने काय सांगायचं? पुनर्विकासाची मोजणी आली की आपलं घर कुठे, हे दाखवायचं कशावर?

म्हणून दोष फक्त तंत्राचा नाही, असं आम्ही म्हणतो. महापालिकेने प्रत्येक वॉर्डाचा बोळांसकट नकाशा वॉर्ड ऑफिसात लावावा, आणि तिथल्या रहिवाशांना तो दुरुस्त करू द्यावा. सुरुवात एवढ्यानेही होईल.