कथेचा हिशेब कोण ठेवतो?

दीर्घ गेम-मालिकांच्या चाहत्यांवर एक आरोप नेहमी होतो: त्यांना सनावळ्यांचा सोस असतो, जुन्या भागाशी जरा विसंगती दिसली की ते कांगावा करतात. मोठ्या मालिका नीट पाहिल्या तर हा आरोप टिकत नाही. चुकलेल्या तारखा चाहते सहज माफ करतात. आपण खेळून जे घडवले ते कथा विसरली, हे मात्र त्यांना सहन होत नाही.

‘झेल्डा’ घ्या. १९८६पासून निन्टेन्डो नायक लिंक आणि राजकन्या झेल्डाची गोष्ट नव्याने सांगत आले आहे. बहुतेक वेळा लिंकही नवा, युगही नवे. सगळ्या भागांचा अधिकृत कालक्रम छापून आला तो २०११च्या अखेरीस, ‘हायरूल हिस्टोरिया’ या जपानी ग्रंथात. त्यात ‘ऑकरिना ऑफ टाइम’नंतर (१९९८) इतिहासाला तीन फाटे फुटतात, त्यातला एक तर लिंक हरला असे धरून. जुळवाजुळव उघड दिसते, तरी चाहते तिच्यावर आजही चवीने वाद घालतात. कुरबुर झाली ती ‘टिअर्स ऑफ द किंगडम’च्या (२०२३) वेळी. हा ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’चा (२०१७) थेट पुढचा भाग, लिंक तोच, मुलूख तोच. पण ज्यांच्यासाठी आधी खपलो, त्यातली काही माणसे लिंकला ओळखतच नाहीत!

‘फायनल फॅन्टसी सेव्हन’ची अडचण उलटी आहे. १९९७च्या गेममधला नायिका एरिथचा मृत्यू सगळ्यांना पाठ. म्हणून २०२०च्या रिमेकमध्ये कथा रुळावरून घसरू लागली की तिला परत ओढणारी भुते आणली, आणि शेवटी खेळाडूच्याच हातून त्यांचा पराभव केला. कल्पना धाडसी होती. रिमेकच्या पुढच्या भागात, ‘रीबर्थ’मध्ये (२०२४), मात्र तो मृत्यू घडला आणि टळला, अशा दोन्ही शक्यता धूसर ठेवल्या. एका पिढीचे दुःख असे अधांतरी ठेवणे हा पळपुटेपणा वाटतो.

‘मास इफेक्ट’ने हिशेबाची वही स्वतःहून उघडली होती. २००७ ते २०१२ या तीन भागांत सेव्ह फाइल पुढे नेता येई. पहिल्या भागात साथीदार रेक्स मेला, तर तिसऱ्यात त्याच्या जमातीचे नेतृत्व सूडाने पेटलेल्या रीव्हकडे जाते. मग त्या जमातीला जीनोफेजवर, म्हणजे तिची वंशवाढ रोखणाऱ्या रोगावर, उपाय द्यावा का, हा प्रश्नच बदलतो. इथे मालिका आपल्या शब्दाला जागते. पण पहिल्या भागात राक्नाय या किड्यांसारख्या जमातीच्या राणीला मारले, तरी तिसऱ्यात तिच्या जागी दुसरी हजर! शेवटी इतक्या निर्णयांचा निकाल रंग बदलणाऱ्या तीन स्फोटांवर आला, तेव्हा संताप उसळला. मालिका बनवणाऱ्या बायोवेअरने २०१२च्या जूनमध्ये विस्तारित शेवट फुकट दिला. त्याने खुलासे झाले, हिशेब जुळला नाही. ‘अँड्रॉमेडा’ने (२०१७) दुसरी आकाशगंगा आणि सहाशे वर्षांचे अंतर गाठून तो प्रश्नच टाळला.

पुढच्या ‘मास इफेक्ट’ची घोषणा २०२०मध्येच झाली आहे. बायोवेअरने जुन्या शेवटांपैकी एक उघडपणे खरा मानावा आणि त्याचे परिणाम कथेत शेवटपर्यंत भोगू द्यावेत. ज्यांनी वेगळा शेवट निवडला ते रागावतील. पण सगळ्यांना खूश ठेवण्यासाठी तिन्ही पुसून टाकले, तर त्या तीन भागांत घेतलेल्या कुठल्याच निर्णयाला अर्थ उरणार नाही.